फायरवॉलची भोकं आणि न्हावाशेवा

२७ जून २०१७ ला न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे बंदरावरच्या लोकांच्या तोंडचं जीटीआय, ठप्प झालं. वर्षाला १८ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर) हाताळण्याची क्षमता असलेलं हे टर्मिनल. क्रेन धडधाकट होत्या, धक्काही जागेवर होता. पण कुठला कंटेनर कुणाचा आणि तो यार्डात नेमका कुठे ठेवलाय हे सांगणारे संगणक बंद पडले होते. माणसांनी हाताने काम रेटायचा प्रयत्न केला. बाहेर ट्रेलर तुंबणार हे दिसत होतं, म्हणून बंदर प्रशासनाला त्यांच्या पार्किंगसाठी जास्तीची जागा शोधावी लागली. उरणच्या रस्त्यांवर ट्रेलरची रांग ही काही बातमी नव्हे. त्या आठवड्यातल्या रांगेचं कारण मात्र युक्रेनमध्ये होतं.

जीटीआय ही मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सची आणि आपल्या कॉनकॉरची भागीदारी. मर्स्कच्या ओडेसातल्या कार्यालयात एका संगणकावर एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं. युक्रेनमध्ये कर भरायचा तर ते जवळपास प्रत्येक कंपनीला लागायचं. हल्लेखोरांनी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा अपडेट सर्व्हरच ताब्यात घेतला आणि अपडेटच्या वेष्टनात ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पाठवला. मर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ त्याच्या फटक्यात सापडली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं, की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

या सगळ्यात फायरवॉल कुठे होती? होती, आणि ती फुटली नव्हती. आतल्या संगणकाने बाहेर ओळखीच्या ठिकाणी अपडेट मागितलं आणि ते आलं. फायरवॉलच्या लेखी ही रोजची देवाणघेवाण. आत आल्यावर नॉटपेट्याने विंडोजमधली एक जुनी चूक वापरली. मायक्रोसॉफ्टने तिचा पॅच १४ मार्चलाच दिला होता. शिवाय संगणकाच्या स्मृतीत पडलेले पासवर्ड उचलून नॉटपेट्या पॅच मारलेल्या संगणकांवरही चढला. ओडेसा ते न्हावाशेवा हा प्रवास कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून झाला. या वाटेवर त्याला अडवणारं काही उभं नव्हतं.

म्हणून फायरवॉलच्या भोकांचा आढावा घ्यायला मी या घटनेपासून सुरुवात करतोय. गेल्या १० वर्षांत फायरवॉलच्या सुरक्षेबद्दल जे जे समजलं, ते या प्रश्नाशी येऊन थांबतं: पहारा चुकला तर चोर आत किती दूर जाऊ शकतो? २०१७ मध्ये पहारा चुकला तो वेगळ्या अर्थाने. तेव्हापासून परिस्थिती आणखी चमत्कारिक झाली आहे, कारण आता चोर पहारेकऱ्याच्याच खोलीतून आत शिरतो.

ही खोली समजून घ्यायला बंदराचंच गेट डोळ्यांसमोर आणू. गेटवरचा माणूस प्रत्येक कंटेनर उघडत नाही. नंबर बघतो, सील बघतो, कागद जुळतात का बघतो आणि सोडतो. पहिल्या पिढीच्या फायरवॉल एवढंच करत. डेटाचं पाकीट कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या सेवेसाठी, एवढं वाचायचं आणि नियमाप्रमाणे सोडायचं किंवा टाकून द्यायचं. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्मने तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग आडवा केला आणि अशा गेटची गरज सगळ्यांना पटली. १९९४ मध्ये चेक पॉइंटची फायरवॉल बाजारात आली. कोण आधी बाहेर गेलं आणि आता येणारं त्याचंच उत्तर आहे का, हे ती लक्षात ठेवायची. त्यानंतरच्या पिढीने कंटेनर उघडून आतला माल तपासायला सुरुवात केली.

माल तपासायचा तर सील तोडावं लागतं. आज वेबवरची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते. ती वाचायची तर फायरवॉल मधे उभी राहून स्वतःच्या प्रमाणपत्राने ती उलगडते, बघते, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. आता हे प्रमाणपत्र कुणाच्या हाती लागलं तर? २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाच्या संशोधकांना आढळलं, की सायबरोम या भारतीय फायरवॉल कंपनीच्या सगळ्या बॉक्समध्ये एकच प्रमाणपत्र आणि एकच गुप्त किल्ली आहे. म्हणजे ज्याच्याकडे एक बॉक्स, त्याला दुसऱ्या कुठल्याही सायबरोममागे बसलेल्या माणसाची वाहतूक उलगडता येईल. सायबरोम अहमदाबादची. तिचे बॉक्स आपल्याकडे कॉलेजांत आणि मध्यम आकाराच्या कार्यालयांत सर्रास असत. गोष्ट उघड झाल्यावर कंपनीने प्रत्येक बॉक्सला वेगळी किल्ली दिली. पण सुरक्षा विकणाऱ्याकडून इतकी पायाभूत चूक होऊ शकते, हे तेव्हा आपल्या घरातच दिसलं होतं. त्याची फारशी चर्चा आपण केली नाही.

आता गेटची केबिन. ती रस्त्यावरच असते, तिच्या खिडकीवर कुणीही टकटक करू शकतो. फायरवॉलला अशा दोन खिडक्या असतात. एक ॲडमिन पेज, जिथून तिची व्यवस्था बघितली जाते. दुसरी व्हीपीएनची, जिथून घरी बसलेला कर्मचारी कार्यालयात शिरतो. २०२० च्या टाळेबंदीत दुसरी खिडकी सगळ्यांनी सताड उघडली आणि मग ती बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. या खिडकीमागे बसलेला कारकून अनोळखी माणसाने दिलेला प्रत्येक कागद वाचतो. तो वाचताना घोळ झाला, की केबिन चोराची.

यातली जी उदाहरणं जगभर गाजली, त्यांतल्या एकदोनांच्या आत शिरून बघण्यासारखं आहे. फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीच्या व्हीपीएन खिडकीत एक चूक होती. पत्त्याच्या ओळीत विशिष्ट प्रकारे लिहिलं, की लॉगिन न करताच बॉक्समधली एक फाइल वाचता यायची. त्या फाइलमध्ये वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेले. कंपनीने पॅच दिला मे २०१९ मध्ये. ऑगस्टमध्ये संशोधकांनी एका परिषदेत ती चूक सविस्तर मांडली. नोव्हेंबर २०२० मध्ये अजूनही उघड्या असलेल्या जवळपास ५०,००० बॉक्सची यादी गुन्हेगारांच्या अड्ड्यांवर फिरली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० बॉक्सवरून गोळा केलेली लॉगिनं बाहेर आली. पॅच येऊन तोवर दोन वर्षं उलटली होती. आणि ज्यांनी पॅच मारला, पण पासवर्ड बदलले नाहीत, त्यांची किल्ली आधीच चोराच्या खिशात होती.

पालो आल्टो या दुसऱ्या कंपनीची एप्रिल २०२४ ची चूक तर कारागिरी म्हणून थक्क करणारी आहे. व्हीपीएन खिडकीकडे पाठवलेल्या कुकीमध्ये हवा तो मजकूर भरला, की बॉक्समध्ये त्या मजकुराच्या नावाची एक फाइल तयार व्हायची. इथवर फारसं बिघडलेलं नाही. पण बॉक्समधलं दुसरं एक काम ठरावीक वेळाने अशा फाइली गोळा करून कंपनीकडे आकडेवारी पाठवत असे, आणि ते फाइलचं नाव थेट आज्ञेत घालून चालवत असे. फाइलचं नावच आज्ञा असेल, तर ती चालणारच, तीही सर्वोच्च अधिकाराने. ही चूक १० पैकी १० गुणांची ठरली. आकडेवारी पाठवणं बंद करा म्हणजे झालं, असं कंपनीने आधी सांगितलं. मग तो सल्ला मागे घ्यावा लागला. व्होलेक्सिटी या संस्थेला ती सापडली तेव्हा हल्ले सुरू होऊन दोन आठवडे होऊन गेले होते.

असं वारंवार का होतं, याची कारणं धंद्यात आहेत. फायरवॉल विकताना एकाच बॉक्समध्ये व्हीपीएन, अँटिव्हायरस, वेबसाइट रोखणं, अहवाल, वायफायचं नियंत्रण असं सगळं कोंबलं जातं. निविदेत जास्त खुणा ज्याच्यापुढे, तो जिंकतो. प्रत्येक नवी सोय म्हणजे अनोळखी माल वाचणारा आणखी एक कारकून. त्याचं सॉफ्टवेअर पुष्कळदा वर्षानुवर्षं साचलेलं, आणि त्याला बॉक्समध्ये हवं ते करायची मुभा. कार्यालयातल्या साध्या विंडोज संगणकावर निदान काहीतरी पाळत ठेवणारं असतं. फायरवॉलच्या आत ग्राहकाला काहीच बसवता येत नाही. तो बंद डबा आहे. आत कुणी शिरलं आणि त्याने लॉग पुसले, तर कळायचा मार्ग खुंटला. व्हेरायझनच्या २०२५ च्या वार्षिक अहवालात सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा गैरफायदा घेऊन झालेल्या घुसखोरींपैकी २२ टक्के व्हीपीएन आणि अशा कडेच्या उपकरणांतून झाल्या. आदल्या वर्षी हे प्रमाण ३ टक्के होतं. अशा चुकांपैकी वर्षभरात पूर्ण दुरुस्त झाल्या त्या फक्त ५४ टक्के.

चुकून राहिलेल्या भोकांपेक्षा मुद्दाम पाडलेलं भोक वेगळं. डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपरने जाहीर केलं, की त्यांच्या नेटस्क्रीन फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत ओळी सापडल्या. एका बदलामुळे ठरावीक पासवर्ड टाकला की कुणालाही बॉक्समध्ये शिरता यायचं. तो पासवर्ड इतक्या हुशारीने लिहिला होता, की वाचणाऱ्याला तो प्रोग्रामरने चाचणीसाठी ठेवलेला एखादा मजकूर वाटावा. दुसऱ्या बदलाने व्हीपीएनचं कूटलेखन उलगडणं शक्य झालं होतं, आणि तो २०१२ पासून तिथे होता. २०१६ मध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ या गटाने अमेरिकी गुप्तहेर संस्थेची मानली जाणारी हत्यारं बाहेर फेकली. त्यांत सिस्को आणि फोर्टिनेटच्या फायरवॉलसाठी तयार अस्त्रं होती. याच गटाने पुढे एप्रिल २०१७ मध्ये जे हत्यार बाहेर सोडलं, ते दोन महिन्यांनी नॉटपेट्यात बसून न्हावाशेव्याला पोचलं. सरकारांनी चुका सांगायच्या की साठवायच्या, या वादात मी पूर्णपणे पहिल्या बाजूचा आहे, आणि माझं कारण जीटीआय आहे.

सायबरोमची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने ती विकत घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये सायबरोमच्या भारतातल्या कार्यालयात एक संगणक जाळ्यात इकडेतिकडे चाचपडताना पकडला गेला. तो होता भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला साधासा पीसी, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. सोफोसने ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनमधल्या हल्लेखोरांशी पाच वर्षं चाललेल्या आपल्या झटापटीचा अहवाल प्रसिद्ध केला, त्याची सुरुवात याच पडद्यापासून होते. हल्लेखोर फायरवॉल बनवणाऱ्यांच्या घरात शिरून फायरवॉल शिकत होते.

एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या फायरवॉलवर मोठा हल्ला झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये एका चिनी नागरिकावर आरोपपत्र ठेवलं, त्यात जगभरातल्या सुमारे ८१,००० फायरवॉल बाधित झाल्याचं म्हटलं आहे. या प्रकरणातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सोफोसने ग्राहकांच्या परवानगीची वाट न बघता काही दिवसांतच दुरुस्ती परस्पर त्यांच्या बॉक्सवर पाठवली. हल्लेखोरांनी मागे सापळा ठेवला होता. कुणी छेडछाड केली की फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर सुटेल, असा. तो निकामी झाला. आपल्या यंत्रावर कंपनीने परस्पर काही चढवणं अनेक आयटीवाल्यांना खटकतं, आणि त्यात तथ्य आहे. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने विमानतळांवर गोंधळ उडवला, हे ताजं आहे. तरीही ज्या कार्यालयात फायरवॉल बघायला पूर्णवेळ माणूस नाही तिथे परस्पर दुरुस्तीच बरी, असं माझं मत आहे.

आणि रायगडच्या किनाऱ्यावर असाच माणूस नसलेली कार्यालयं जास्त. जेएनपीए, म्हणजे पूर्वीचं जेएनपीटी, म्हटलं की डोळ्यांपुढे मोठे टर्मिनल चालक येतात. पण २०२४-२५ मध्ये या बंदराने ७३ लाख टीईयूच्या आसपास हाताळणी केली, ती उरण-पनवेल पट्ट्यातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांच्या, कस्टम्स ब्रोकरांच्या, ट्रान्सपोर्टरांच्या छोट्या कार्यालयांच्या जिवावर. दहा-पंधरा संगणक, एक टॅली, एक फायरवॉल. बॉक्स बसवला पनवेलच्या किंवा वाशीच्या एखाद्या डीलरने. ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडेच. एएमसी एक वर्ष भरली, दुसऱ्या वर्षी लायसन्सचा आकडा बघून मालकाने विचारलं, ‘बॉक्स चालू आहे ना? मग राहू दे.’ बॉक्स खरंच चालूच राहतो. दिवे लुकलुकतात. लायसन्स संपलं म्हणजे पुष्कळदा नवं फर्मवेअरही बंद झालं, हे त्या दिव्यांवरून कळत नाही.

नियमांचंही तसंच. एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याला दूरवरून काम करायचं असतं म्हणून संध्याकाळी एक रूल उघडला जातो. कुठूनही, कुठेही, काहीही. काम होतं, रूल राहतो. तीन वर्षांनी तो काढायला कुणी धजत नाही, कारण काय बंद पडेल ते सांगता येत नाही. अविशाय वूल या इस्रायली प्राध्यापकाने २००४ मध्ये ३७ फायरवॉलचे नियम तपासून दाखवलं, की नियमांची गुंतागुंत वाढते तशा चुका वाढतात. या अभ्यासाला २० वर्षं उलटली. यंत्रं बदलली, पण ही सवय जशीच्या तशी आहे.

साखळी कुठे तुटते, याचं आपल्या राज्यातलं उदाहरण जुलै २०२४ चं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणारी मुंबईची कंपनी. रॅन्समवेअरची बाधा झाल्याने देशाचं पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं वेगळं काढलं, आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. त्या बँकांपैकी कुणाचीही फायरवॉल फुटली नसेल, तरी ग्राहक काउंटरवर त्यांनाच विचारायला आला.

बंदरांकडे परत येऊ. २१ फेब्रुवारी २०२२ ला न्हावाशेव्याला दुसरा फटका बसला. या वेळी बंदर प्राधिकरणाच्या स्वतःच्या टर्मिनलला, जेएनपीसीटीला. रॅन्समवेअरचा संशय होता. जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. एकाच खाडीत वेगवेगळे चालक असल्याचा हा फायदा. एकाची यंत्रणा बसली तर दुसऱ्याची उभी असते. जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोया बंदरात उलट झालं. तिथे सगळ्या टर्मिनलांची एकच सामाईक यंत्रणा. लॉकबिट या रॅन्समवेअर टोळीने ती कुलूपबंद केली आणि कंटेनरची सगळी कामं अडीच दिवस थांबली. जपानच्या चौकशी समितीने हल्ला व्हीपीएनच्या उपकरणातून झाल्याची शक्यता नोंदवली आणि अहवाल लोकांसमोर ठेवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीपी वर्ल्डची ऑस्ट्रेलियातली बंदरं तीन दिवस थांबली, सुमारे ३०,००० कंटेनर अडकले. कंपनीच्या कडेच्या सिट्रिक्स उपकरणावर पॅच मारलेला नव्हता, हे बाहेरच्या संशोधकांनी दाखवून दिलं. ही डीपी वर्ल्ड न्हावाशेव्यातही दोन टर्मिनलं चालवते.

नागोयाचा अहवाल वाचून जगातलं कुठलंही बंदर आपलं व्हीपीएन तपासू शकतं. आपल्याकडे असा प्रघात नाही. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने घटना सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक झालं, हे चांगलंच. पण माहिती वर जाते, आडवी फिरत नाही. द्रोणागिरीतल्या यार्डवाल्याला शेजारच्या टर्मिनलात काय घडलं ते वर्तमानपत्रातून कळतं, आणि वर्तमानपत्रात ‘सर्व्हर डाउन’ एवढंच असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई आणि परिसराची वीज गेली तेव्हाही तेच झालं. राज्याच्या सायबर विभागाने घातपाताचा संशय मांडला, केंद्राने मानवी चूक म्हटलं, आणि तांत्रिक तपशील वादातच बुडाला. दिल्लीच्या एम्सचं प्रकरण अपवाद म्हणावं लागेल. नोव्हेंबर २०२२ च्या त्या हल्ल्याबद्दल संसदेतल्या उत्तरात सरकारने सरळ सांगितलं, की जाळ्याची विभागणी नीट नव्हती. सरकारी उत्तरात इतकं उपयोगी वाक्य क्वचित मिळतं.

विभागणी हाच तो मुद्दा. नेदरलँड्सच्या संरक्षण खात्यात २०२३ मध्ये फोर्टिनेटच्या फायरवॉलमधून चिनी हेर शिरले. त्यांनी बसवलेला प्रोग्राम रीस्टार्टनेही जात नव्हता आणि फर्मवेअर बदलूनही जात नव्हता. पण ते जाळं संशोधनाचं, जेमतेम पन्नासच्या आतल्या वापरकर्त्यांचं होतं आणि बाकीच्या संरक्षण जाळ्यांपासून तोडलेलं होतं. हेर तिथेच अडकले. मर्स्ककडे फायरवॉल फुटली नाही तरी जगभर हाहाकार, डच सैन्याकडे फायरवॉल फुटूनही नुकसान एका खोलीपुरतं. बाजारात बॉक्सची तुलना करणारे तक्ते ढीगभर मिळतात. हा फरक त्यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बंदराच्या दक्षिणेला हा विचार अधिक गंभीर होतो, कारण तिथे जाळ्याच्या टोकाला झडपा आणि भट्ट्या आहेत. उरणला ओएनजीसीचा गॅस, थळला आरसीएफचं खत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स, डोलवीला पोलाद. अशा कारखान्यांत कार्यालयाचं जाळं आणि यंत्रांचं जाळं यांच्यामध्ये फायरवॉल असते. तिथे ती फुटायचीही गरज नाही, नुसती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट झाली तरी घोटाळा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत एसपॉवर या कंपनीच्या फायरवॉल जुन्या ज्ञात चुकीमुळे बाहेरून रीस्टार्ट करवल्या गेल्या, आणि नियंत्रण कक्षाला पवन व सौर प्रकल्प १० तासांच्या काळात थोडा थोडा वेळ दिसेनासे होत राहिले. वीज गेली नाही. नियंत्रण कक्षात आंधळेपण मात्र आलं. मे २०२३ मध्ये डेन्मार्कमध्ये २२ वीज आणि ऊर्जा कंपन्यांवर झायझेलच्या फायरवॉलमधून हल्ला झाला. पॅच येऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. काही कंपन्यांना आपल्याकडे ती फायरवॉल आहे हेच ठाऊक नव्हतं, काहींना वाटत होतं की बसवणारा पॅचही मारतो. आपला पनवेलचा डीलर डॅनिश भाषेतही आहे तर.

यावर उपाय म्हणून फायरवॉलच काढून टाका असं म्हणणारा एक पंथ आहे. कुणावरच आधी विश्वास ठेवू नका, प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक यंत्राची प्रत्येक वेळी ओळख तपासा, मग भिंतीची गरज उरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तो चालतोही. थळच्या कारखान्यातल्या वीस वर्षं जुन्या नियंत्रकाला ओळख विचारली तर तो काय सांगणार? त्याच्यापुढे भिंत लागेलच. त्यापेक्षा नॉर्वेच्या सायबर संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला मला व्यवहारी वाटतो. वेबच्या खिडकीतून चालणारं व्हीपीएन बंद करून दुसऱ्या, आटोपशीर पद्धतीकडे वळा. फोर्टिनेटने स्वतःच २०२५ मध्ये आपल्या नव्या आवृत्तीतून ती सोय काढून टाकली. सहा वर्षं भोकं बुजवल्यावर खिडकीच भिंतीत चिणली म्हणायची.

ढगात ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉलने सांगितलं, की ग्राहकांच्या फायरवॉलच्या नियमांच्या बॅकअप प्रती त्यांच्या क्लाउडमधून चोरीला गेल्या. आधी म्हणाले पाच टक्क्यांहून कमी ग्राहकांच्या, महिन्याभरात म्हणाले ती सोय वापरणाऱ्या सगळ्यांच्या. कुठल्या दाराला कुठलं कुलूप, याचा नकाशाच गेला.

मग छोट्या कार्यालयाने करायचं काय? ॲडमिन पेज इंटरनेटवरून दिसणार नाही असं करणं फुकट आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. व्हीपीएनला पासवर्डबरोबर फोनवरचा दुसरा टप्पा लावणं जवळपास फुकट आहे. लॉग बॉक्समध्येच न ठेवता दुसऱ्या संगणकावर पाठवले, तर चोराने पुसले तरी प्रत उरते. हिशेबाचे संगणक, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायला नवा बॉक्स लागत नाही, आहे त्यातच होतं. डीलरला हे सांगावं लागतं, कारण न सांगता तो करणार नाही. त्याला बॉक्स विकल्याचे पैसे मिळतात, विभागणीचे नाही. आणि पॅच मारल्यावर पासवर्ड आणि किल्ल्या बदलायच्या, हे २०२१ च्या त्या ८७,००० बॉक्सनी शिकवलंय.

अवघड राहतो तो पॅच मारायचा वेळ. फर्मवेअर बदलताना बॉक्स काही मिनिटं बंद होतो. बंदर चोवीस तास चालतं, रात्री दोनलाही गेटवर ट्रेलर उभे असतात. मोठी टर्मिनलं बॉक्स जोडीने ठेवतात, एकाचं काम चालू असताना दुसरा गेट सांभाळतो. लहान यार्डात एकच बॉक्स. तिथे आयटी बघणारा मुलगा महिनाभर पाच मिनिटांची परवानगी मागत राहतो आणि ऑपरेशन मॅनेजर ‘आज व्हेसल आहे’ म्हणतो, रोज. सप्टेंबर २०२५ मध्ये सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये हल्लेखोर थेट सुरुवातीच्या रॉममध्येच बदल करताना सापडले, तेव्हा अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना तपासणीसाठी एक दिवस दिला आणि महिनाअखेर ज्यांचा कंपनीकडून मिळणारा आधार संपतोय ते बॉक्स कायमचे काढून टाकायला सांगितलं. तिथे हुकूम निघाला म्हणून व्हेसल थांबलं. उरणच्या यार्डात असा हुकूम काढू शकणारं कुणी नाही, त्यामुळे ही पाच मिनिटं यार्डाच्या मालकालाच द्यावी लागतात. दुसऱ्या बॉक्सचा खर्च एका अडकलेल्या दिवसाच्या डिटेन्शनशी आणि डेमरेजशी ताडून बघितला, तर तो कुठल्या बाजूला झुकतो हे त्याचा अकाउंटंट सांगू शकेल.